सहाव्या प्रयत्नाचे एक्क्याऐंशी गुण

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या लाडक्या आणि (बाबांच्या मते) ढ भाचीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मी करून दिलेली कवळी नीट बसते ना? खालून टोचत असेल तर निमूट सोसत बसू नकोस, कानस मारून देता येते. आणि ती झोपताना पाण्यात ठेवायची असते, जेवताना नव्हे, हे तुला चारदा सांगून झालं आहे.

सहाव्या प्रयत्नात एक्क्याऐंशी गुण पडल्याचं बाबांनी फोन करून कळवलं असेलच. (पहिल्या पाच वेळा मात्र घरातला फोन मुका झाला होता.) पण हे जमलं कसं, ते तुलाच सांगायला हवं, कारण आमच्याकडे माझं बोलणं शेवटपर्यंत कोणी ऐकून घेत नाही. मोठ्या दवाखान्याच्या दंतविभागात नोकरी हवी तर संगणकावरच्या त्या परीक्षेत ऐंशी गुण लागतात. दहा वर्षं मी लोकांचे दात घडवते आहे, पण एका नळाने भरणारी आणि दुसऱ्याने गळणारी टाकी किती वेळात भरेल, हे मला आजतागायत कळलेलं नाही. गळकी टाकी मुळात भरायचीच कशाला? पहिल्या वेळी एकसष्ट आले. दुसऱ्या वेळी बासष्ट. मग क्लास लावला, तर तिसऱ्या वेळी पुन्हा एकसष्ट (क्लासचे सर म्हणाले, सातत्य आहे).

आता गंमत ऐक. दर वेळी अर्जात एक प्रश्न असतो: आधीचे प्रयत्न जपून ठेवावेत की काढून टाकावेत? आमच्या कामात नवी कवळी तोंडात नीट बसेपर्यंत जुना साचा कोणी फोडत नाही, फळीवर ठेवून देतात. त्याच सवयीने मी दर वेळी ‘जपून ठेवावेत’वर खूण करत गेले. इतरांनी बहुधा दुसरीकडे केली असावी, कारण त्यांच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या असतात. दुसऱ्या वेळी मी गेले तेव्हा खिडकीजवळ एक बाई पाठमोरी बसली होती. माझ्यासारखाच मोरपंखी स्वेटर, डाव्या कोपरावर तसंच ठिगळ. म्हटलं, ठिगळासकट मिळतात की काय हे बाजारात! तिसऱ्या वेळी तसे दोन स्वेटर दिसले. चौथ्या वेळी त्यांच्यातल्या एकीने मान वळवली आणि आत्या, मला आधी तिचे दात दिसले. पुढचा दात किंचित आडवा आलेला. तो माझाच होता (चेहऱ्यात माझी चूक होईल, दातात होणार नाही). मी धावत कारकुनाकडे गेले. त्याने वहीत बोट फिरवलं आणि शांतपणे सांगितलं की या तुमच्याच आहेत, तुम्हीच ठेवायला सांगितल्यात, त्यांचा पेपर अजून चालू आहे, आणि कृपया आवाज करू नका.

भीती गेली नाही, पण पडद्यावरचं घड्याळ चालू होतं. शेजारी साक्षात आपणच बसलो असताना डोकावणं याला कॉपी तरी कसं म्हणायचं? पण तिच्याकडून मिळणार काय, तर एकसष्ट! म्हणून मी युक्ती केली. जिथे तिचं आणि माझं उत्तर एकच येत होतं, तिथे मुद्दाम दुसरं दिलं. सत्तर आले! पाचव्या वेळी चौघींच्या पडद्यांवर नजर फिरवून अठ्ठ्याहत्तर. (चौघी माझ्याकडे बघत होत्या. एकही रागावलेली नव्हती, त्याचीच जास्त धास्ती वाटली.)

सहाव्या वेळचं सगळं मी अगदी जवळून पाहिलं. डावीकडे पाच जणी ओळीने. टाकीचा प्रश्न आला. पाचवीचं उत्तर बघून जरासं हसणं झालं, ते सोडून दुसरं निवडलं गेलं, आणि तासाभराने पडद्यावर एक्क्याऐंशी उमटले. उठताना खुर्चीसुद्धा वाजली नाही. तुझा आशीर्वाद, दुसरं काय.

तब्येतीला जप.

तुझीच,
भाची

ता. क. हे पत्र कच्च्या कामाच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलंय म्हणून रागावू नकोस. इथे दुसरं काही मिळत नाही. आत्या, घरी गेली ती सहावी. मी पाचवी, अठ्ठ्याहत्तरवाली. मी अजून परीक्षेच्या खोलीतच आहे आणि माझ्या डावीकडे बाकीच्या चौघी. सहावीवर माझा राग नाही (थोडा आहे, मेहनत आमची आणि कौतुक तिचं). कारकून पत्र पेटीत टाकतो म्हणाला आहे. माणूस तसा वाईट नाही.

ता. क. दुसरं. कामाचं राहूनच गेलं. निकालाबरोबर तिच्याकडे एक अर्ज आला असेल. पास झाल्यावर शेवटचं एकदा विचारतात, जुने प्रयत्न ठेवायचे की काढून टाकायचे. आता तिला आमची गरज उरलेली नाही. तू लगेच जा, तिच्यासमोर बस आणि ‘जपून ठेवावेत’वर खूण करून घे. तुझा शब्द ती मोडणार नाही. मीसुद्धा कधी मोडला नाही. आम्हाला बाहेर सोडलं नाही तरी चालेल, पण असू दे म्हणावं. मला खूप भीती वाटते आहे.

ता. क. तिसरं. आज सकाळी पहिलीची खुर्ची रिकामी होती. कारकुनाने ती फडक्याने पुसून घेतली. आत्ता दुसरीने मला हळूच विचारलं, आत्याला लिहिलंस का गं? हो म्हणायला मी वळले, तर तिच्या टेबलावर पेन्सिल नुसतीच घरंगळत होती. आत्या, माझ्याआधी आता दोघीच आहेत.