पोस्टकार्डावरचा डाव

भंडारा, १२ नोव्हेंबर १९७५

चि. शकुनला अनेक आशीर्वाद.

धानाची कापणी आटोपली का? जुन्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धांच्या नोंदी मी जमवतो, हे तुला ठाऊकच आहे. म्हातारे खेळाडू आपले डाव, चालींच्या अक्षर-आकड्यांत, कार्डांवर लिहून पाठवतात. हल्ली ती कार्डं उशिरा येतात, कुणी आधी वाचल्यासारखी. या अक्षर-आकड्यांचा अर्थ काय, असं पोस्टमन हळूच विचारून गेला. आणीबाणीचे दिवस आहेत. तुझ्या वहिनीला, चंद्रकलेला, यातलं काही बोललो नाही.

तुझी आठवण काढणारा,
दादा भय्याजी

मोहाडी, १७ नोव्हेंबर १९७५

ती. दादांना शकुनचा नमस्कार.

पत्र वाचून तशीच लिहायला बसले. इथल्या एका मास्तरले पकडून नेलं, अजून पत्ता नाही. तुमाले कायले पाहिजेत ते जुने डाव? कार्डं चुलीत घाला. अन् वहिनीले सांगा, तिले अंधारात ठेवू नका.

जीव सांभाळा, एवढंच मागते.
तुमची शकुन

भंडारा, २ डिसेंबर १९७५

सौ. शकुनबाईंना चंद्रकलेचा सप्रेम नमस्कार.

शेजारचे नत्थूभाऊ मोहाडीले येऊन राहिले, म्हणून हे पत्र त्यांच्या हाती देते. टपालात टाकायची हिंमत नाही. तुमचे दादा सुटून घरी आले आहेत, घाबरू नका.

साध्या कपड्यातले दोघं पोलीस यांना अन् कार्डं घेऊन गेले. मी पट उचलून चौकीवर गेले. हा खेळ आहे, सांकेतिक भाषा नाही, असं साहेबाले सांगितलं. तो म्हणे, मग खेळून दाखवा. लग्नानंतर यांनीच शिकवलं होतं. यांना डाव पाठवणारे मद्रासचे एक आजोबा आहेत, त्यांच्या कार्डावरचा डाव लावला. अर्ध्यात डाव अडला. लिहिलेली चाल पटावर होईचना. साहेबाने कार्ड उलटं ठेवलं. मी मागच्या चाली परत वाचल्या. मग ध्यानात आलं, मागे एका घरात दोन्ही घोडे जाऊ शकत होते, कोणता ते कार्डावर नव्हतं, मी भलताच नेला होता. परत मांडू द्या म्हटलं. दुसऱ्या घोड्याने डाव शेवटपर्यंत गेला.

यांना सोडलं, कार्डं ठेवून घेतली. त्यांवर सगळ्यांचे पत्ते आहेत. सावध करायला लिहावं, तर तेच पत्र त्यांच्यावर बेतेल. हे जेवत नाहीत, फाटकाकडे पाहत बसतात.

माया आहेच, तशीच राहू द्या.
चंद्रकला

भंडारा, ३ एप्रिल १९७७

चि. शकुनला आशीर्वाद.

आणीबाणी उठली आणि मद्रासहून कार्ड आलं. आजोबांकडेही पोलिसांची माणसं गेली होती. आजोबांनी त्यांना बसवून पूर्ण डाव दाखवला म्हणे. आता आणखी एका स्पर्धेचे निकाल पाठवले आहेत. उत्तर लिहून तयार आहे, पण टपालपेटीपाशी जाऊन मी परत येतो. उद्या चंद्रकला सोबत येते म्हणाली.

तुझा,
दादा