कोळीण की पाकट

रविवार, ५ ऑक्टोबर

तुळशीच्या कुंडीमागे कोळीण निघाली. जाळं नाहीच! मागे पांढरी गोळी चिकटवून फिरत होती. मी झाडू उचलला तर उत्कर्षाने हात धरला. "आई, अंडी आहेत ती." लांडगा कोळी म्हणे.

लेकीला पीएचडीसाठी सरांनी दोन विषय दिलेत — हा कोळी, नाहीतर पाकट मासा. कोळ्याचं काम इथे बिबवेवाडीत राहून होईल. पाकटासाठी तीन वर्षं रत्नागिरी. पंधरा तारखेच्या आत फॉर्म भरायचा. तिचं ठरत नाही. माझं ठरलंय.

सोमवार, ६ ऑक्टोबर. कोजागिरी

दूध आटेपर्यंत तिने मोबाइलवर पाकट दाखवला. पोळपाटाला शेपूट लावावी तसा! मी वहीत मधोमध रेघ मारली, दोन बाजू केल्या. त्याशिवाय माझ्या डोक्यात राहत नाही.

कोळी — आठ पाय, आठ डोळे. पाकट — डोळे वर, तोंड खाली. म्हणजे काय खातोय ते त्याला दिसतच नाही! अंगात एक हाड नाही, शेपटीला मात्र विषारी काटा. पिल्लं पोटातच वाढतात, आणि आत त्यांना दुधासारखं काहीतरी मिळतं. मासा आणि दूध! डाव हातातच राहिला. खाली लागलं थोडं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

गोळी फुटली. सगळी पिल्लं आईच्या पाठीवर! मोजायला गेले, चाळीसनंतर चुकले. कोळ्याच्या बाजूला लिहिलं — पिल्लं सांभाळते. पाकटाचं विचारलं. जन्मली की पोहत निघून जातात, म्हणाली. लिहिलं. "आणि हीसुद्धा आठवड्याभरात उतरतात, आई."

ते नाही लिहिलं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर. संकष्टी

तूच देवापुढे चिठ्ठ्या टाक, येईल ते घेईन, असं उत्कर्षाच म्हणाली. जुन्या पाकिटाच्या कागदाच्या दोन केल्या. पूजेनंतर तिने एक उचलली. कोळी.

हे पेपरामागून म्हणाले, "बाप्पाला तुझ्या हातचे मोदक सोडवत नाहीत."

मला आज मोदक गेला नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

दोन्ही चिठ्ठ्यांवर मी कोळीच लिहिलं होतं. दोन दिवस देवाकडे मान वर करून बघवलं नाही. आज तिला सांगितलं.

"माहितीये. दुसरी मी तेव्हाच उघडली होती."

मग बोलली का नाहीस, म्हटलं.

"तू देवापुढे खोटं केलंस, आई. म्हटलं, हिला माझं जाणं सोसणारच नाही."

फॉर्म अजून गेला नव्हता. लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. म्हटलं, पाकट लिही.