लस फ्रिजमध्ये होती

प्रिय ठकू,

कालच्या त्या फोननंतर तुला पुन्हा फोन करायला घेते आणि ठेवून देते. फोनवर मी ओरडले असते आणि तू मीटिंगचं निमित्त करून सुटली असतीस. म्हणून पत्र. आणि हे आमच्या मेडिकल कॉलेजच्या अधिष्ठाता बाईंना नाही. वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवरून पंख्यासाठी भांडणाऱ्या, मला उंटीण म्हणणाऱ्या ठकूला आहे.

ऑनलाइन अभ्यासक्रमातला माझा पाठ तू काढून टाकलास. मला विचारायचं सौजन्यही दाखवलं नाहीस. काल लॅपटॉप उघडला, तर 'वंशसंहार आणि सार्वजनिक आरोग्य' होतं तिथे 'डॉक्टरांसाठी ताणमुक्ती'. एक गृहस्थ चटईवर बसून सावकाश श्वास सोडत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन केला तर तू म्हणालीस, "अगं, एका पालकांची तक्रार आलीय. उगाच राजकारण कशाला? आणि याला मार्क तरी आहेत का?" मी फोन ठेवून दिला.

मार्क नाहीत, खरंय. पहिल्या तासाला पडद्यावर नुसते काळे चौकोन होते. निम्मी मुलं जेवत असणार, उरलेली झोपलेली. एकाने लिहिलं, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" मी म्हटलं, "परीक्षेला नाही, नोकरीत येईल." मी त्यांना प्रेतांचे ढीग दाखवले नाहीत गं. साधा केसपेपर दाखवला, त्यावर नव्याने आलेला जमातीचा रकाना दाखवला. मग त्यातल्या एका जमातीची वेगळी रांग, वेगळा वॉर्ड, मग त्यांच्या वस्तीचं बंद झालेलं पाणी. बंदुका फार उशिरा येतात. त्याआधीची बरीचशी कामं आपल्याच पेशातली माणसं करतात, स्वच्छ हात धुऊन, सहीशिक्क्यानिशी. हे डॉक्टर होणाऱ्या पोरांना सांगायचं नाही, तर कुणाला सांगायचं?

तिसऱ्या तासाला मी त्या वस्तीबद्दल शिकवलं. भोवती कुंपण घातलेलं आणि आत गोवराची साथ. चौकशीचा अहवाल कधीचाच जाहीर आहे, त्यातलंच सांगितलं. लस जिल्ह्याच्या दवाखान्यात होती. सकाळ-संध्याकाळ फ्रिजचं तापमान नीट टिपलं जात होतं. एकही कुपी नासली नाही, आणि एकही कुंपणापलीकडे गेली नाही. उत्तम साठवणुकीबद्दल तिथल्या डॉक्टरला वरून शाबासकी आली. परीक्षेचं विचारणाऱ्या त्याच मुलाने कॅमेरा सुरू केला. केस विस्कटलेले, चेहरा पडलेला. म्हणाला, "मॅडम, तो डॉक्टर शिकला कुठे होता?" मी म्हटलं, "चांगल्या कॉलेजात, तुमच्यासारखाच." तास संपला तरी बराच वेळ कुणी बाहेर पडलं नाही. असा तास मला उभ्या नोकरीत मिळाला नव्हता, आणि तू तो एका बोटाने पुसलास.

तू, ठकू. दुसरा कुणी असता तर मी भांडून मोकळी झाले असते. मुलांच्या वॉर्डात पहिल्यांदा गोवराचं पोर पाहिलं त्या दिवशी तू जेवली नाहीस. मला म्हणालीस, "मला एक धाकटा भाऊ होता. कुंपणाच्या आत." बस, एवढंच. पुन्हा कधी विषय काढला नाहीस, मीही काढला नाही. पाठात तुझं नाव नव्हतं, भावाचा उल्लेखही नव्हता. याची मी डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली होती. तुला भीती वाटते, ते कळतं मला. त्या खुर्चीपर्यंत तू काय काय गिळत पोचलीस, ते मी पाहिलंय. तुझं आडनाव ऐकून लोक अजूनही क्षणभर थांबतात, तेही पाहिलंय. पण त्या डॉक्टरलाही भीतीच वाटली होती. तोही असंच म्हणाला असेल, उगाच राजकारण कशाला.

पाठाचं मी बघून घेईन. तू काढलास म्हणून मी गप्प बसणार नाही. मुलं विचारताहेत, त्यांना मी माझ्या घरून शिकवीन, मग कारवाई कर हवी तर. पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. त्या काळ्या चौकोनांमध्ये तुझी लेकही होती. काल तिचा निरोप आला: "मावशी, त्या वस्तीचं नाव मी याआधी एकदाच ऐकलंय. आजी शेवटच्या तापात तिथलं काहीबाही बोलत होती, कुणाला तरी घरात ये म्हणत होती. आईने मला खोलीबाहेर पाठवलं. मावशी, आईला भाऊ होता का?" मी अजून उत्तर दिलेलं नाही. रविवारी ती माझ्याकडे येतेय. तिच्याशी मी खोटं बोलणार नाही, पण खरं सांगायला मला त्याचं नावसुद्धा ठाऊक नाही. तू कधी सांगितलंच नाहीस. रविवारच्या आधी तिला जवळ बसव, आणि ते नाव तुझ्या तोंडून तिला ऐकू दे.

रागावलेली, तरी तुझीच,
उंटीण