गोलकीपरची माफी

प्रिय बाबा,

घरात सगळ्यांना प्रभूची शांती लाभो. मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा खोकला थांबला का?

तुम्ही विचारलंत, फुटबॉल शिकवताना मुलींना येशूबद्दल सांगतेस ना? सरावाआधी रोज प्रार्थना घेते. मुली बुटांच्या नाड्या बांधत ऐकतात.

शनिवारी सामना हरलो आणि मी गोलकीपरवर सगळ्यांदेखत ओरडले, "तुझ्यामुळे घालवलं!" ती रडलीसुद्धा नाही. सोमवारी मी सगळ्यांसमोरच तिची माफी मागितली.

सराव संपल्यावर ती थांबली. "मॅडम, आमच्याकडे मोठी माणसं माफी मागत नाहीत. तुम्हाला कुणी शिकवलं?"

तेव्हा मी प्रभूचं नाव घेतलं. तिने मान वर करून ऐकलं, पण अजून माझ्यापासून जरा लांबच उभी राहते.

बाबा, तिच्यासाठी प्रार्थना करा. माझ्या जिभेसाठीही.

तुमची लेक