तेरावा हिस्सा

२ मे

आज रक्त! चैतूनं सूरजच्या कपाळावर दगड हाणला. मोजायला मीच वाटलेला दगड. भांडण कशावरून — सूरज म्हणे सात, चैतू म्हणे आठ. होते सहाच. सूरजची आई समाजमंदिरात येऊन ओरडली, "पोरायले मोजाले शिकवून राह्यला का डोकी फोडाले?" हळद मीच दाबली. मग सगळे दगड तलावाकडे फेकून दिले. उद्यापासून चिंचोके.

हा उन्हाळी वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या साधनाताईंचं म्हणणं — पहिली-दुसरीच्या पोरांना पाढे घोकायला लावू नका, आधी संख्या डोळ्यांना दिसू द्या. मला तर बारावीपर्यंत दिसली नाही. तिथंच नापास! ऊर्जानगरला ठेकेदारानं आईवरून शिवी दिली, मी कानाखाली दिली, काम गेलं. एटापल्लीला ट्रॅक्टर चालवला, तिथंही मालकाशी जुंपली. आता सावलीजवळच्या या गावात रुखमामावशीकडे पडलोय. मावशी म्हणते, "तू मास्तर? झालं मंग पोरायचं कल्याण!" उन्हाळ्यापुरतं काम आहे. टिकतो का पाहू.

३ मे

चिंचोके पोरांनी भाजून खाल्ले. अर्धं गणित पोटात.

५ मे

दिव्यानी! मुखरूभाऊ ढिवराची पोरगी. दुसरीत. पाढे म्हण म्हटलं की डोकं गुडघ्यात घालते — बाप त्यावरून हाणतो तिला. आज मी चिंचोक्यांवर फडकं टाकलं, क्षणभर उचललं, परत झाकलं. बाकीची पोरं बोटं मोजत बसली. ही म्हणाली, "आठ."

"कधी मोजले गं?"

"मोजले नाई. दिसले ना! पाच इकडं, तीन तिकडं."

परत टाकले, परत बरोबर. किती वेळा टाकले असतील! अंगावर काटा आला. मी शिकवलं म्हणून नाही, तिला आधीच दिसत होतं. मी फक्त फडकं उचललं.

संध्याकाळी मुखरूभाऊला सांगितलं. तो जाळं शिवत होता. "पाढे येत नाई, अन् दिसते म्हणता? चष्मा लावून द्या मास्तर, अजून दिसन!" पण हसला. पोरीला जवळ ओढून बसवलं.

६ मे

शिकवलं नाही. कुत्र्यांनी समाजमंदिरामागं ससा फाडला, पोरं पळाली, मी पण. चैतू विचारतो, "सर, एका सशाचे तुकडे किती?" हाकललं.

९ मे

झालं तसंच लिहितो.

तलावाचं पाणी उतरलं, म्हणून आज ढिवरांनी मिळून जाळी टाकली. मी वर्ग तिथंच नेला. मासे पळसाच्या पानांवर मांडतात. सारखे हिस्से, डोळ्यांच्या अंदाजानं. मोजत कोणी नाही. मांडायचं काम मुखरूभाऊचं. मग एक जण पाठ करून उभा राहतो. मुखरूभाऊ एकेका हिश्शावर काठी टेकवून विचारतो, "हा कोनाचा?" तो न पाहता नाव घेतो. ज्याचं नाव, त्याचा हिस्सा. भांडणच नाही! मला इतकं आवडलं की नावं सुरू व्हायच्या आधी मीच ओरडलो, "दिव्यानी, हिस्से किती?"

"तेरा!"

"अन् माणसं?"

"बारा!"

"शाब्बास! मग?"

"एक जास्त हाये, सर!"

मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच. मुखरूभाऊची काठी हवेत तशीच. इसरूनं मान वर केली, "तेरावा कोनाचा बे?"

मला ते नंतर कळलं. इसरूचा भाऊ पोचू गेल्या साली तलावात डोंगा उलटून बुडून मेला. घर एक, हिस्सा एक, म्हणत इसरूनं वहिनीचा, गोकुळाबाईचा, हिस्सा बंद केला. त्याच्याशी भिडायची कोणाची हिंमत नाही. म्हणून मुखरूभाऊ गुपचूप एक हिस्सा जास्त मांडतो. पहिलं नाव इसरूचं घेतलं जातं, तो घरी जातो, शेवटचा हिस्सा गोकुळाबाईकडे. सगळ्यांना माहीत. इसरूलाच नाही — आणि मला.

इसरूला कळायला वेळ लागला नाही. डोंग्याचा बांबू उचलून तो गोकुळाबाईच्या घराकडे पळाला. केसाला धरून तिला अंगणात ओढलं, पोटात लाथा. "माह्या घरची असून गावाकडून भीक घेतेस!" मुखरूभाऊ सोडवायला गेला तर त्याच्या डोक्यात बांबू. रक्त भुवयांवरून तोंडात. मग आम्ही इसरूवर तुटून पडलो. सहा जण. रक्तानं आंधळा झालेला मुखरूभाऊ पण. इसरू खाली पडला. पडल्यावर मी त्याच्या तोंडावर लाथ घातली. परत घातली. दात तुटल्याचं बुटाला समजलं. बरं वाटलं! लिहू नये, पण वाटलं.

मान वर केली तर कुडाला टेकून दिव्यानी. रडत नव्हती. पाहत होती.

१० मे

गोकुळाबाई उठून बसली. इसरू गडचिरोलीच्या दवाखान्यात. जबडा मोडला, एक डोळा जाईल म्हणतात. तशाच तोंडानं पोलिसांना कसंबसं म्हणाला, "डोळ्यात रक्त होतं, मले दिसलं नाई. मुखरूच्या पोरीले विचारा. ते होती तिथं."

गावानं ठरवलं — कोणी काही पाहिलं नाही. पोरीला समजवायचं काम माझ्यावर. म्हणे, "तुह्यंच ऐकते ते." तिची आई जयाबाई माझ्या पायाशी वाकली. "नवरा जेलात गेला तं लेकरू कसं जगवू, सर?"

११ मे

गेलो. दिव्यानी ओट्यावर.

"सर, म्या बोलली म्हून झालं का?"

"नाही. मी विचारलं म्हणून."

"मंग माह्यासंगं कोनी काऊन बोलत नाई?"

"पोलीस आले तर सांग, मी पाहिलं नाही."

"पन पाह्यलं ना, सर."

उठून आलो. पिशवी भरली. मावशी दारात, "पळ! भांडन करनं अन् पळनं, तेच येते तुले." एसटी आली. बसलो नाही. खूप गर्दी होती. नव्हती — उगाच लिहितोय.

१३ मे

हवालदार आला. गावातल्या बाप्यांना ओळीनं उभं केलं. दिव्यानीला जवळ घेतलं. "मारनारे किती होते, बाई?"

"पाच." लगेच.

"दाखव."

एकेकावर बोट रोखत गेली. बाप पहिला. त्याच्या बाजूला मी होतो. बोट माझ्यावर थांबलं नाही.

पाचही जण गाडीत. जयाबाई गाडीमागं धावत गेली. दिव्यानीनं माझ्याकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.

शेजाऱ्याची सायकल मागून आणलीय. सावलीला ठाण्यात निघालोय. सहावा कोण, ते सांगायला.