परसातली ठकठक

प्रिय बाबा,

पत्र बघून दचकू नका. फोनवर ठणठणीत आहे म्हणून तुम्ही मोकळे होता, मला पुढे बोलूच देत नाही, म्हणून लिहितेय. सकाळपासून नुसती उठबस चाललीय, समोरचा चहा कधीच गार झालाय. मला भिंगरी म्हणता ते उगाच नाही.

आमच्या भूगर्भ-सर्वेक्षणाच्या लोकांनी आपल्या परसात त्या खाली खिळा असलेल्या, जमिनीची थरथर टिपणाऱ्या डब्या रोवल्या, तेव्हा केवढे खूश झाला होतात! पोरीचं काम आपल्या दारी आलं म्हणून. रस्त्यावरचा आमचा तो अवजड ट्रक जमीन थरथरवतो, थरथर खोल जाऊन खडकांच्या थरांवरून परत येते आणि डब्या ती टिपतात. त्यावरून आम्ही थरांचं चित्र काढतो, ते कुठे तुटून खचलेत तेही दाखवतो. तुटलेली जागा टेकडीमागे निघाली, घराला धोका नाही. पण ट्रक नसतानाही डब्या ऐकतच असतात. पंप, बस, गुरं, सगळं. तो गोंगाट पुसणं माझं काम.

आपल्या डबीत रोज दुपारी एक ठकठक होती. दोन पावलं, मग फरफट. पुन्हा दोन पावलं, फरफट. मी पुसायलाच निघाले होते, तेवढ्यात नोंदीत फाटकापाशी टाच आपटलेली दिसली. दर फेरीला. मागे फिर! जन्मभर शाळेत पोरांकडून कवायत करून घेतलीत, आता परसात एकट्याचीच चाललीय होय? मी एकटीच हसत सुटले. अर्धांगाचा झटका आल्यापासून आपलं चालणं संपलं म्हणणारा माणूस चोरून सराव करतोय, आणि फरफट दिवसेंदिवस कमी होतेय! समुद्राखालचे खडक तपासणाऱ्या जहाजावर वर्षभर जा, असा धोशा का लावलात तेही कळलं. माझा पाय घरात अडकू नये म्हणून तुम्ही तुमचा पाय घासताय.

मग एका बुधवारची नोंद उघडली. टाच आपटली आणि लगेच जड दणका. त्यानंतर पंप आहे, लांबची बस आहे, तुम्ही नाही. मी नोंद पुढे सरकवत राहिले. उन्हं कलल्यावर कुठे काहीतरी घसटत घसटत दाराकडे गेलं. त्याच संध्याकाळी आपण बोललो, बाबा. तुम्ही जहाजाची तारीख विचारलीत आणि मी आनंदात सांगत बसले. दुसऱ्या दिवशी ठकठक पुन्हा सुरू.

तुम्ही हाक मारली होती का? हाक जमिनीत उमटत नाही. जहाजाला मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. रविवारी येतेय. मी फाटकाशी उभी राहीन, तुम्ही माझ्याकडे चालत या, मग ठरवू. टाच मात्र आपटायची नाही, तोल तिथेच जातोय. पत्र ट्रकवाल्या दादांच्या हाती देतेय, ते आजच पोचतील. कारण रविवारपर्यंत तुम्ही एकट्याने परसात उतरायचं नाही, बाबा. डब्या आम्ही गेल्या आठवड्यात काढून आणल्या. आता तिथे ऐकायला कोणी नाही.

तुमचीच,
भिंगरी