माझी डाळ काही शिजत नाही, वन्सं

दारव्हा,
रविवार, आठ मार्च

तीर्थरूप नलूवन्संस,

धाकट्या भावजयीचा साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा उरलेल्या अंगांनी केलेला गोड मानून घ्या.) तुमचं पाठीचं दुखणं कसं आहे? तेल संपलं असेल तर कळवा, इकडून पाठवते. अर्थात त्यासाठी मला तुमच्या बंधुराजांकडे चिठ्ठी द्यावी लागेल, आणि ती मंजूर होईपर्यंत पाठ आपोआप बरी झालेली असेल. फोनच केला असता, पण हे समोरच जिरं निवडत बसलेत आणि यांना माझं एरवीचं काही ऐकू येत नाही, फोनवरचं तेवढं सगळं ऐकू येतं. म्हणून हा कागद. आपल्या तांड्यावरच्या हंसाबाई मंगळवारी कळंबला गणपतीच्या दर्शनाला येणार आहेत, त्यांच्या हाती देते.

वन्सं, सदतीस वर्षं तुमच्या भावानं सरकारी भांडारात भांडारपाल म्हणून काढली. पाइप, सिमेंट, खिळे, फावडी, सगळं जपलं. गेल्या जूनमध्ये निवृत्त झाले तेव्हा मी मूर्खासारखे पेढे वाटले. आठवडाभर घरात येरझाऱ्या घातल्या आणि आठव्या दिवशी माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "कुंदा, इथे शिस्त नाही." तेव्हापासून कोठीच्या खोलीची किल्ली यांच्या जानव्याला. मला दोन वाट्या डाळ हवी असली तर चिठ्ठी लिहायची, खाली सही करायची. ओल्या हातानं आत जायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, भिंतीवर खडूनं लिहिलेला: जुना माल आधी.

ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं, नाही? मलाही वाटलं होतं. पण जरा विचार करा. जुनं संपेपर्यंत नवं उघडायचं नाही, आणि जुनं संपतं तोवर नवं जुनं झालेलं असतं. म्हणजे या घरात जन्मात कधी ताजं पोटात जायचं नाही! सध्या आम्ही गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यातल्या कुरडया तळतो आहोत. यंदाच्या घातल्या तर त्या कोण खाणार, आमचे वारस?

डब्यांचं तर विचारूच नका. माझे डबे मला नावानं पाठ होते. तुम्ही लग्नात दिलेला तो मोठा, "चि. सौ. कां. कुंदा हिस नलूकडून सप्रेम भेट" असं टोचून लिहिलेला, त्यात तूर डाळ. अडतीस वर्षं. आईंच्या स्मरणार्थ आलेल्यात तांदूळ, आणि आमच्या सलीलच्या मुंजीच्या डब्यात काळा मसाला. डोळे मिटून हात घालावा. यांनी सगळ्यांवर क-१ पासून क-३४ पर्यंत पट्ट्या चिकटवल्या आणि माल वर्गवार लावला. सगळ्या पुडी एका रांगेत, कारण पूड म्हणजे पूड. (तुमच्या डब्यात आता कपडे धुण्याचा सोडा आहे. मी सांगणार नव्हते, पण तुमच्या नावाचा प्रश्न आहे.) परवाच्या गुरुवारी घाई होती, मी सवयीनं मुंजीच्या डब्यातली पूड भरल्या वांग्यांत घातली. जरा उकळी आली आणि कढईत वांग्यांवर फेस चढायला लागला. शिकेकाई! लोकांच्या तोंडाला कष्टानं फेस येतो, चव बघायला आलेल्या सलीलच्या तोंडाला भाजीनं आला. आणि हे काय म्हणाले? "क-१७ वर स्पष्ट लिहिलं होतं." वांगी टाकून दिली, तीही यांना न विचारता टाकली म्हणून ऐकून घेतलं.

पण हे सगळं मी गिळलं असतं. खरं दुखणं वेगळं आहे.

आपली गौरी वीस तारखेला येते आहे. दोन वर्षांनी, वन्सं. तिकडे बंगलोरला काय खाते देव जाणे, आवाजावरूनच वाळल्यासारखी वाटते. फोनवर तिला म्हटलं, काय करू सांग, पुरण करू, वडाभात करू? तर म्हणाली, "आई, फक्त नव्या तुरीचं वरण, भात आणि वरून लसणाची फोडणी." बस. एवढंच मागितलं लेकरानं. आणि नशीब बघा, त्याच आठवड्यात हंसाबाई तांड्यावरून स्वतः जात्यावर भरडलेली नवी डाळ घेऊन आल्या. "घ्या जी ताई, पोरगी येऊन राह्यली ना, म्हनून दोन किलो जास्तच आनली." काय तिचा वास! पिशवीत तोंड घालून बसावंसं वाटलं. मी आत वळते न वळते तोच हे पुढे झाले, पिशवी घेतली, तोंड शिवलं आणि थेट स्वयंपाकघराच्या माळ्यावर, भिंतीकडे सारून. का? तर जुनी नऊ किलो शिल्लक आहे.

मी चिडले, रडले, गौरीचं नाव घेतलं. यांचं एकच: "वीस तारखेचं वीस तारखेला पाहू." वन्सं, यांच्यापुढे माझी डाळ कधीच शिजली नाही, पण ही जुनी डाळ तर कुकरमध्येसुद्धा शिजत नाही! रात्रभर भिजवली, खायचा सोडा घातला, बारा बारा शिट्ट्या दिल्या. आपली छोटी रेल्वे बंद पडून इतकी वर्षं झाली, पण शेजारचे फुलचंदजी कुंपणावरून विचारून गेले, "गाडी सुरू झाली काय वहिनी?"

मग मीही जिद्दीला पेटले. म्हटलं, वीसच्या आत ही नऊ किलो संपवून दाखवते. सोमवारी वरण, मंगळवारी आमटी, बुधवारी वरणफळं, गुरुवारी कढीगोळे (वांग्यांच्या जोडीला केले होते म्हणून त्या दिवशी जेवलो तरी), शुक्रवारी डाळभाजी, आणि शनिवारी चक्क तुरीचं पुरण. सलीलला दिवसातून तीनदा "ऑफिसात काम" निघायला लागलं; शर्टाला समोशाचा वास येतो, मी आई आहे, मला कळतं. हे मात्र निमूट जेवतात आणि ढेकर देऊन म्हणतात, "माल चांगला आहे." सहा दिवस राबून संपली किती, तर अडीच किलो.

शेवटी मी चोरी केली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या डाळीची. काल हे दाढी करायला गेले तेव्हा जानवं बदलताना सोडलेली किल्ली न्हाणीतल्या दोरीवर राहिली होती. चार किलो काढली आणि मागच्या दारानं हंसाबाईंना दिली, म्हटलं म्हशीला घाला, पण माझ्या नजरेसमोरून हलवा. सुटले असं वाटलं. आज सकाळी हंसाबाई हसत हसत पुढच्या दारानं हजर, हातात मोठं सूप. "अवं माय, अन्न हाय ते, ढोराले काहून टाकू? रातीच भिजवून सकाळी वड्या घातल्या. दोन दिवस उन्हात ठेवा अजून." यांच्या समोर, वन्सं! मला वाटलं आता स्फोट होतो. हे उठले, चष्मा लावला, एक वडी दाबून पाहिली आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "नवीन आवक. क-३५." आता ती चार किलो नव्या रूपात पुढची तीन वर्षं माझ्या छातीवर बसणार.

बाकी सर्व क्षेम. जावयांना आणि मुलांना आशीर्वाद सांगावेत. वेडंवाकडं लिहिलं असेल तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. सांभाळणं तुमच्या घराण्याच्या रक्तातच आहे.

तुमची,
कुंदा

ता.क. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे. तुमच्या कॉलनीतल्या सप्ताहाला कोठीवर भरवशाचा माणूस हवा, असं तुम्ही म्हणाला होता. अठरापासून पंचवीसपर्यंत यांना बोलावून घ्या. तुमचं म्हणणं हे टाळणार नाहीत, जगात फक्त तुम्हाला भितात. एवढं करा, म्हणजे मी लेकीला घासभर नवं वरण घालीन.

ता.क. २ (सोमवार). वरचं फाडून टाका. आज हे वाचनालयात गेले तेव्हा मी स्टुलावर चढून माळ्यावरची पिशवी काढायला गेले, गुडघ्यांची पर्वा न करता. भिंतीकडच्या बाजूला चिठ्ठी शिवलेली होती, यांच्या अक्षरात: "राखीव. गौरीसाठी. २० तारखेपूर्वी कोणीही, विशेषतः मी, उघडू नये." विशेषतः मी, वन्सं! म्हणजे महिनाभर हा माणूस ती दगडासारखी डाळ निमूट चावत होता, ती कशासाठी? आणि तोंडानं दोन शब्द सांगायला काय झालं होतं? मी स्टुलावर बसून रडले आणि मग असा संताप आला म्हणून सांगू! यांना अठराला मुळीच बोलावू नका. लेक दोन वर्षांनी येते आहे, बाप घरी हवा. सप्ताह एप्रिलात ढकलता येतो का बघा, देवाला काही घाई नसते. तेव्हा मात्र महिनाभर ठेवून घ्या.

ता.क. ३ (मंगळवार, हंसाबाई दारात खोळंबल्या आहेत). खाली उतरण्याआधी मी शिवणीतून अर्धी वाटी काढली होती, शिजते की नाही बघायला. दोन शिट्ट्यांत लोणी झाली. रात्री वाढली. यांनी भात दोनदा घेतला. आज सकाळी पाहिलं तर पिशवीची शिवण पुन्हा घातलेली, आणि चिठ्ठीवर खाली एक ओळ वाढलेली: "घट अर्धी वाटी. कारण: उंदीर. नग एक, ओळखीचा."